आठवड्याचे सात चित्रपट आणि एक वही : परीक्षण कसं लिहावं, तारे कसे द्यावेत

सोमवारी 'संत तुकाराम', मंगळवारी 'ट्वेल्व्ह अँग्री मेन', बुधवारी 'अशी ही बनवाबनवी', गुरुवारी 'कोर्ट', शुक्रवारी 'तुंबाड', शनिवारी 'सैराट' आणि रविवारी सकाळी सहा वर्षांच्या भाचीला मांडीवर घेऊन 'माय नेबर टोटोरो'. गेल्या महिन्यातला माझा एक आठवडा असा गेला. सगळ्यात जुना चित्रपट १९३६चा, सगळ्यात नवा २०१८चा. एक भक्तिपट, एक बंद खोलीतलं नाट्य, एक फार्स, एक खटला, एक भयकथा, एक प्रेमकथा आणि एक ॲनिमेशनपट.

आता या सातांना तारे द्यायचे. 'बनवाबनवी'ला चार दिले आणि 'कोर्ट'लाही चार दिले, तर दोन्ही सारखेच झाले का? 'टोटोरो'त खलनायकच नाही, मग त्याची तुलना 'तुंबाड'शी कशी करायची? मी बरीच वर्षं चित्रपटांची वही ठेवते आणि या प्रश्नाने मला पुष्कळ त्रास दिला आहे. शेवटी एक गोष्ट पक्की झाली. तारे सगळ्यात शेवटी द्यायचे. आधी नोंद, मग परिच्छेद आणि मग रविवारी रात्री सगळे चित्रपट शेजारी ठेवून आकडा. आकडा आधी आला, की पुढचं सगळं लिखाण त्या आकड्याची वकिली करत बसतं.

आठवडा आखताना

सात चित्रपट कोणते हे ठरवण्याइतकंच ते कोणत्या क्रमाने बघायचे हेही महत्त्वाचं आहे, कारण आदल्या रात्रीचा चित्रपट दुसऱ्या दिवसाच्या चित्रपटावर सावली टाकतो. १९८८ साली जपानमध्ये 'टोटोरो' प्रदर्शित झाला तो 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'च्या जोडीने, एकाच खेळात. दोन बहिणींचं खेडेगावातलं बालपण आणि युद्धात होरपळलेली भावंडं एकाच बैठकीत! कोणता आधी पाहिला यावर त्या प्रेक्षकांची दुपार कशी गेली असेल हे ठरलं असणार. म्हणून मी शक्यतो दोन जड चित्रपट पाठोपाठ ठेवत नाही. 'कोर्ट'च्या आदल्या दिवशी 'बनवाबनवी' मुद्दाम ठेवला होता.

लांबीही बघा. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' ९६ मिनिटांचा आहे, जेवणं आटोपून बसलं तरी वेळेत संपतो. 'सैराट' १७४ मिनिटांचा. तो रात्री दहाला लावला तर उत्तरार्धात डोळे मिटणार आणि वहीत 'उत्तरार्ध रेंगाळतो' अशी नोंद होणार. रेंगाळलेले असतो आपण. शनिवारची दुपार त्यासाठी राखून ठेवा.

प्रत कोणती बघताय तेही आधी तपासा. मूळ भाषा आणि सबटायटल्स मिळत असतील तर डबिंग टाळा. एका लांबच्या प्रवासात मी एक इराणी चित्रपट हिंदी डबिंगमध्ये, फोनवर, निम्मा झोपेत पाहिला आणि घरी येऊन त्याला दोन तारे दिले. वर्षभराने तो फारसीत पाहिला तेव्हा कळलं, की मी दोन तारे त्या प्रवासाला दिले होते.

बघण्याआधी

पोस्टर बघितलं, कथेच्या दोन ओळी वाचल्या, बस. रेटिंग बघू नका. बघितलंच असेल तर निदान त्याचा अर्थ नीट समजून घ्या. परीक्षणं गोळा करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावरचे ९० टक्के म्हणजे दहापैकी नऊ गुण नव्हेत. शंभरातल्या नव्वद परीक्षणांचा कौल अनुकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या नव्वदही जणांना चित्रपट 'बरा' वाटलेला असू शकतो. याउलट एखादा चित्रपट निम्म्या लोकांना जिवापाड आवडतो, निम्म्यांना अजिबात नाही आणि त्याचा आकडा पन्नासवर येतो. मला त्या पन्नासवाल्याबद्दल जास्त कुतूहल असतं.

पुरस्कारांचंही तसंच. या आठवड्यातले दोन चित्रपट व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गाजलेले होते. 'संत तुकाराम' १९३७ साली तिथे गौरवला गेला आणि 'कोर्ट'ने २०१४ साली तिथे दोन पुरस्कार मिळवले. ही माहिती मी नोंदीच्या शेवटच्या ओळीत लिहिते, तारे देऊन झाल्यावर.

बघण्याआधी वहीत एकच वाक्य लिहायचं: हा चित्रपट आपल्याला काय देऊ करतोय? 'तुंबाड'साठी मी लिहिलं, 'भीती आणि हाव.' 'बनवाबनवी'साठी, 'दोन-अडीच तास हसवणं.' पुढे सगळा हिशेब या वाक्यावर होणार आहे, त्यामुळे ते टाळू नका. चित्रपट सुरू झाल्यावर कळलं की त्याला भलतंच काही सांगायचंय, तर वाक्य बदला.

बघताना

मांडीवर वही, पण डोळे पडद्यावर. मी फक्त तीन खुणा करते. काहीतरी मनात रुतलं तर फुली, कंटाळा आला तर आडवी रेघ, काही कळलं नाही तर प्रश्नचिन्ह. शेजारी मिनिट लिहिते. थांबवून मागे जात नाही, कारण चित्रपटाची लय हाही त्याचाच भाग आहे आणि दर दहा मिनिटांनी थांबवणाऱ्याला ती कधीच कळत नाही. थिएटरमध्ये फोनवर लिहू नका, मागच्या रांगेला त्रास होतो. अंधारात पेन्सिलीने वेडंवाकडं लिहिलेलं नंतर लागतं.

'तुंबाड'च्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तो अंधाराचा आणि पावसाचा चित्रपट आहे. वाड्यातले प्रसंग कंदिलाच्या उजेडात घडतात. दुपारी खिडकी उघडी ठेवून फोनवर पाहिलात तर काळ्या चौकोनात काहीतरी हलतंय एवढंच दिसेल. २०१८ साली आलेला हा चित्रपट २०२४मध्ये पुन्हा थिएटरात लागला आणि त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. मधल्या काळात लोकांनी तो घरी पाहिला होताच, तरी मोठ्या पडद्यावर बघायला ते गेले. मी घरी पाहिला, पण दिवे मालवून, पडदे ओढून, हेडफोन लावून. नोंदीत ते लिहिलंही. कुठे, कशावर, कोणाबरोबर पाहिला ही ओळ प्रत्येक नोंदीत हवीच.

त्याच रात्री, वीस मिनिटं

सगळ्या कामाचा गाभा हा आहे. चित्रपट संपला की लगेच फोन हातात घ्यायचा नाही, कोणाचं मत वाचायचं नाही. वीस मिनिटं बसून लिहायचं. दुसऱ्या दिवशी कथा आठवते, पण अंगावर काय उमटलं होतं ते पुसलं जातं.

मी स्वतःला हे विचारते:

- डोळे मिटल्यावर कोणतं दृश्य पहिलं दिसतं?
- माझं लक्ष कुठे उडालं आणि त्याआधी पडद्यावर काय चाललं होतं?
- कोणत्या क्षणी माझं मत बदललं?
- हे मला वाटलं, ते कशामुळे?

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा. मंगळवारचं उदाहरण सांगते. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' जवळजवळ पूर्ण एका खोलीत घडतो. बारा ज्यूरर (खटल्याचा निकाल ठरवायला बसवलेले सामान्य नागरिक), एक टेबल, उकाडा. माझ्या वहीत पन्नासाव्या मिनिटाशेजारी फुली आणि पुढे 'खोली लहान झाली?' असं लिहिलेलं होतं. खोली तर तीच. मग लहान का वाटली? मी पहिली दहा मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं पुन्हा लावून पाहिली. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या वर आहे. खोली ऐसपैस दिसते, माणसांमध्ये हवा आहे. शेवटी कॅमेरा खाली उतरलेला आहे, छत दिसायला लागलंय आणि चेहरे पडदा व्यापून बसलेत. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांनी हे पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. चित्रपटाचा पहिला एक तृतीयांश भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून, मधला पातळीवरून आणि शेवटचा खालून चित्रित केला. शिवाय भिंगांची फोकल लांबी वाढवत नेली, म्हणजे मागचं जवळ ओढून दाखवणारी भिंगं वापरत गेले, त्यामुळे भिंती माणसांच्या अंगावर सरकल्यासारख्या वाटतात.

तुम्हाला ल्युमेट यांचं लिखाण माहीत असायलाच हवं असं नाही. 'खोली लहान झाली?' एवढी नोंद पुरेशी आहे. त्या प्रश्नाचा पाठलाग करून सापडलेलं उत्तर म्हणजे परीक्षण. 'छायाचित्रण अप्रतिम' हे परीक्षण नाही, ती पाठीवरची थाप झाली.

बुधवारची अडचण वेगळी होती. 'बनवाबनवी' मला जवळजवळ पाठ आहे. संवाद येण्याआधीच मी हसते. मग मी चित्रपटाला हसते की आठवणीला? त्यावर उपाय म्हणून बंगळुरूत वाढलेल्या पुतणीला शेजारी बसवलं. तिने तो कधीच पाहिला नव्हता. ज्या वाक्यांवर आपल्याकडे लग्नकार्यातसुद्धा खसखस पिकते, त्यातल्या बऱ्याच वाक्यांवर ती शांत होती. हसली ती प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या जागेत. काहीतरी नडणारं विचारलं जातं, अशोक सराफ उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबतात, चेहरा सरळ ठेवून थाप जुळवतात, त्या क्षणाला ती दर वेळी हसली. पुरुषांनी बायकांच्या वेषात वावरण्यातले काही विनोद मात्र तिच्यापर्यंत पोचले नाहीत. हे दोन्ही मी लिहून ठेवलं. एकट्याने पाहिला असता तर यातलं काहीच लिहिता आलं नसतं. ज्या चित्रपटावर आपलं जुनं प्रेम आहे, तो पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाबरोबर बघा.

दुसऱ्या दिवशी : परिच्छेद

रात्रीच्या नोंदीतून एक परिच्छेद काढायचा, शंभर शब्दांच्या आसपास. कथा दोन वाक्यांत आटपा. मग सर्वांत महत्त्वाची एक गोष्ट घ्या, एकच, आणि ती एका दृश्यातून दाखवा. मग एक तक्रार. नसेल तर ओढूनताणून आणू नका. 'कोर्ट'चा माझा परिच्छेद असा आहे:

'आपल्या गाण्याने एका सफाई कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केलं, असा आरोप एका लोकशाहिरावर आहे. खटला चालतो, म्हणजे तारखा पडत राहतात. चैतन्य ताम्हाणे कॅमेरा लांब ठेवतात आणि हलवत नाहीत. कोणाकडे बघायचं हे आपणच ठरवायचं. शाहिराला तुरुंगात ठेवा म्हणून भांडणाऱ्या सरकारी वकील बाई काम संपवून मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात, आणि त्यांच्यावर राग धरणं अशक्य होऊन बसतं. चित्रपटाची जरब इथे आहे. बचाव पक्षाच्या वकिलाचं घर मात्र मला तितकं जवळचं वाटलं नाही.'

पहिल्या खर्ड्यात मी 'संथ पण प्रभावी' असं लिहिलं होतं. ते खोडलं. संथ म्हणजे काय? कॅमेरा हलत नाही, हे. प्रभावी म्हणजे काय? बाईंवर राग धरता येत नाही, हे. विशेषण सापडलं की त्याच्या जागी ते विशेषण सुचवणारी गोष्ट लिहायची. 'सुंदर', 'दमदार', 'खिळवून ठेवणारा' हे शब्द मी खर्ड्यात वापरते आणि पक्क्या परिच्छेदात एकही ठेवत नाही.

माहिती तपासणं याच दिवसाचं काम. 'संत तुकाराम'मधलं 'आधी बीज एकले' हे पद तुकोबांचं म्हणून सर्रास सांगितलं जातं. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलं. तुकोबांच्या भाषेत इतकं मुरलेलं आहे की ऐकणाऱ्याला शंका येत नाही आणि हे आठवल्यांचं केवढं तरी यश आहे. श्रेय चुकवलं तर आपण त्या कवीचं काम पुसून टाकतो.

आणि शेवट फोडू नका. 'सैराट'बद्दल लिहिताना हे अवघड जातं, कारण त्याचा शेवट टाळून त्याच्याविषयी खरं काही लिहिताच येत नाही असं वाटतं. येतं. मी असं लिहिलं: 'अजय-अतुल यांच्या भरघोस वाद्यवृंदाने हा चित्रपट उचलून धरलेला आहे. विहीर, शेतं, बोटी, सगळं गाण्यावर तरंगतं. म्हणून नागराज मंजुळे जेव्हा आवाज काढून घेतात, तेव्हा आपल्याला काय काय मिळत होतं ते कळतं.' ज्याने पाहिलाय त्याला कळलं, ज्याने पाहिला नाही त्याचं काही हिरावलं नाही. काय घडतं ते सांगू नका, चित्रपट ते कसं करतो ते सांगा.

रविवारी रात्री : तारे

तारे देण्याची रीत शंभरेक वर्षं जुनी आहे. १९२८ साली न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये आयरीन थिरर यांनी ती सुरू केली तेव्हा कमाल तारे तीनच होते. मी पाच वापरते, अर्ध्यासकट. दहापैकी गुण देणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण सहा आणि साडेसहामधला फरक मला शब्दांत सांगता येत नाही. आणि जो फरक शब्दांत सांगता येत नाही, तो मी आकड्यात ठेवत नाही.

माझी पट्टी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेली आहे. तीन म्हणजे बोलला तसा वागला, जे देऊ केलं ते दिलं. चार म्हणजे त्याहून पुढे गेला. पाच म्हणजे यानंतर मी इतर चित्रपट वेगळ्या नजरेने बघते. दोन म्हणजे अर्ध्या वाटेत शब्द मोडला. एक म्हणजे शब्द पाळायचा प्रयत्नच नव्हता. तीन हा अपमान नाही. आपल्याकडे साडेतीनच्या खाली काही दिलं की निर्मात्याचं नुकसान केल्यासारखं वाटतं आणि मग सगळं साडेतीन ते साडेचारमध्ये कोंबलं जातं.

प्रत्येक आकड्याला एक खुणेचा चित्रपट ठरवा, तुमच्या स्वतःच्या पाहण्यातला. शंका आली की नवा चित्रपट त्याच्या शेजारी उभा करून बघायचा.

मग सात चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एक नाव. टेबलावर पसरा आणि दोन-दोन उचलून विचारा: आपापल्या वाटेवर जास्त लांब कोण गेलं? 'जास्त आवडला कोणता' असं विचारायचं नाही. 'बनवाबनवी'ची वाट हसवण्याची, 'टोटोरो'ची लहान मुलाच्या नजरेने जग दाखवण्याची. योगायोगाने दोन्ही १९८८चेच. 'टोटोरो'त पावसात बसथांब्यावर थांबलेल्या मुलीच्या शेजारी तो अवाढव्य प्राणी येऊन उभा राहतो, डोक्यावर एक पान. ती त्याला छत्री देते. छत्रीवर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजाने तो हरखतो, मग उडी मारून झाडावरचं सगळं पाणी खाली पाडतो. भाची हसली नाही, घाबरलीही नाही. माझा हात धरून पुढे सरकली आणि तोंड उघडं ठेवून बघत राहिली. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी जे देऊ केलं होतं त्याच्या कितीतरी पुढे ते दृश्य जातं. पाच.

जुन्या चित्रपटाला सवलत देऊ नका. 'त्या काळच्या मानाने चांगला' हे वाक्य आदर दाखवतं आणि चित्रपटाला मखरात बसवून टाकतं. 'संत तुकाराम'मधल्या चमत्कारांच्या युक्त्या आज उघड दिसतात, मान्य. पण आजारी पोराला घेऊन, हातात चप्पल घेऊन, देवाला जाब विचारायला देवळात निघालेली जिजाई आजच्या कोणत्याही नायिकेपुढे उभी करा. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी नवऱ्याची भक्ती आणि बायकोचं रिकामं मडकं, दोन्ही एकाच घरात खरं करून दाखवलं. त्यालाही पाच, कसलीही सूट न देता.

बाकीचे असे आले: 'कोर्ट' साडेचार, 'सैराट' साडेचार, 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' साडेचार, 'बनवाबनवी' चार, 'तुंबाड' साडेतीन. आकडे वरचे दिसतात, कारण आठवडा नावाजलेल्या चित्रपटांचा होता. थिएटरात नवीन लागलेले सात बघाल तेव्हा खालचे आकडे लागतीलच. तिथे फक्त एक करा. चित्रपट कुठे फसला ते ठिकाण सांगा. मागच्या पावसाळ्यात मी एका नव्या मराठी चित्रपटाला दोन तारे दिले आणि खाली लिहिलं, 'मध्यंतरापर्यंत बापलेकांचं भांडण होतं, मध्यंतरानंतर बापाला आजार झाला आणि भांडणाचं उत्तर देण्याची जबाबदारी लेखकाने आजारावर टाकली.' असं लिहिलं तर ज्याला तो आवडला तो तुमच्याशी बोलू शकतो. 'भिकार' लिहिलं तर बोलणंच संपतं.

ताऱ्यांशेजारी मी एक वेगळी खूण ठेवते: पुन्हा बघेन की एकदा पुरे. 'कोर्ट' साडेचार, एकदा पुरे. 'बनवाबनवी' चार, पुन्हा, कितीही वेळा. चित्रपट किती चांगला आणि तो मला किती हवासा, हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि एकाच आकड्यात कोंबल्यामुळेच बहुतेक रेटिंगं फसतात.

महिन्याभराने

नोंदी पुन्हा वाचा, चित्रपट न बघता. ज्याचं एकही दृश्य आठवत नाही त्याचा अर्धा तारा कमी करा, जो अजून मागे लागलाय त्याचा वाढवा. जुना आकडा खोडरबराने पुसू नका. एक रेघ मारा, नवा आकडा लिहा, तारीख घाला, कारण लिहा. माझ्या वहीत काल एक बदल झाला: 'तुंबाड', साडेतीनवर रेघ, चार. कारण: परवा पावसात जुन्या वाड्याचं दार दिसलं आणि हाताने आपोआप छत्री घट्ट धरली.